फाल्गुनात कुदळ कशाला?

होळी जवळ आली की पुण्यातल्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत माळ्यांची लगबग सुरू होते. पाचोळा झाडून गोणीत भरायचा, वाफे कुदळीने खणायचे, जास्वंद-अबोली गुडघ्याएवढी छाटायची. वसंत हा फुटव्याचा ऋतू, तेव्हा बहुवर्षायू झाडांची मशागतही वसंतातच, असं यामागचं म्हणणं.

पूर्वपक्ष अगदीच लेचापेचा नाही. पिंपळ आणि करंज याच दिवसांत कोवळ्या पालवीने भरतात. शेतकरी उन्हाळी नांगरट करतोच, आणि ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हेही त्याचंच म्हणणं.

पण पिंपळाची मुळं खोल आणि दूरवर गेलेली असतात. शिवाय जुनी पानं गाळून त्याने पाण्याचा खर्च आधीच आवरलेला असतो. अबोलीची बारीक मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरलेली. कुदळ नेमकी तीच तोडते, तीही ऊन वाढण्याच्या तोंडावर. नांगरट रिकाम्या शेताची होते. वाफ्यात तर झाडं जिवंत उभी आहेत. कोळपणीचं म्हणाल तर ती वरच्यावर, दोन बोटं खोल. तिच्या नावावर फूटभर खणणाऱ्याने कोळपं आणि कुदळ यांतला फरक एकदा शेतकऱ्यालाच विचारावा.

मुळात हे वेळापत्रक थंड मुलखातलं. तिथे हिवाळ्यात माती गोठते, मार्चमध्ये सुटते. पुण्याचा वर्षाचा सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये पडतो आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला भिडतो. आपल्या बागेचा विसावा उन्हाळ्यात, उभारी मृगात. १८३० साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं, तेही याच हिशेबाने. पाऊस सरल्यावर पेरलेले हंगामी ताटवे आणि ऑक्टोबरच्या छाटणीवर आलेला गुलाब थंडीतच रंगात असतात.

मग वसंतात तयारी कसली? झाकण्याची. एप्रिलच्या दुपारी वाफ्यातला वीतभर पाचोळा हाताने बाजूला सारून पाहा. वरची पानं कुरकुरीत, त्याखालची काळसर, एकमेकांना चिकटलेली; त्याखाली ओलसर माती, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या आणि कुजत्या पानांत शिरलेली पांढरी तंतुमुळं. शेजारच्या उघड्या वाफ्यातल्या काळ्या मातीला तोवर बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि भेग रुंदावताना मुळंही तोडते. गोणीत भरून कचरागाडीत टाकलेला पाचोळा म्हणजे फुकट मिळालेलं खत आणि पाणी दोन्ही घालवणं. तेच लोक मे महिन्यात कोकोपीट विकत आणतात, हा विनोद वेगळाच.

मोगऱ्याला मात्र सूट द्यायला हवी. त्याचा बहरच उन्हाळ्यातला, म्हणून त्याची छाटणी थंडी सरताना उरकावी, मग खत-पाणी द्यावं. बाकीच्यांची वाळकी काडी तेवढी काढावी. सोनटक्का आणि कर्दळीचे गड्डे फोडून लावायचे ते पहिला दमदार पाऊस मुरल्यावर. कुदळ तोवर कोपऱ्यात राहिली तरी चालेल.