टेम्प्लेटमधल्या ‘इफ’ची कुळकथा

लॉगिन केलेल्या सभासदाला वेबसाइटवर ‘माझे खाते’ दिसते, पाहुण्याला ‘नोंदणी करा’. पान तेच, टेम्प्लेट तेच. मधे एक ‘इफ’ बसलेला असतो. त्याचे मूळ शोधत गेले की आपण बुद्धिबळाच्या पटापाशी पोचतो.

१९५७-५८ मध्ये जॉन मॅकार्थी एमआयटीत आयबीएम ७०४ या संगणकासाठी बुद्धिबळाच्या वैध चालींचा प्रोग्रॅम फोर्ट्रानमध्ये लिहीत होते. फोर्ट्रानचा ‘इफ’ तेव्हा फार ओबडधोबड होता. संख्या ऋण, शून्य की धन एवढे पाहून तो ठरवून दिलेल्या तीन ओळींपैकी एकीवर उडी मारायचा. मॅकार्थींनी ‘एक्सआयएफ’ नावाचे फंक्शन रचले: एक अट आणि दोन पर्याय द्यायचे, त्यातला एक हाती येतो. प्रोग्रॅम आटोपशीर झाले, वाचायला सोपे झाले, पण एक खोट राहिली. निवड होण्याआधीच दोन्ही पर्यायांचे गणित करावे लागे, नको असलेल्याचेसुद्धा. जो पर्याय निवडला जाईल तेवढाच मोजायचा, हे त्यांचे पुढचे पाऊल लिस्प या भाषेत उतरले. माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष तोच.

वेबवर यायला त्याला जवळजवळ चार दशके लागली. १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी सर्वांसाठी खुले केले आणि पुढे एचटीएमएलच्या मधोमध अट लिहिण्याची पद्धत रुळली. फेब्रुवारी २००५ मधल्या वर्डप्रेस १.५ ने थीमसोबत तयार अटीच दिल्या: ‘इज_होम’, ‘इज_सिंगल’, ‘इज_पेज’. बॅनर मुखपृष्ठावर हवा, लेखावर नको, एवढे आता एका ओळीत सांगता येऊ लागले.

जँगोने मात्र हात आखडता घेतला. कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहरातील एका वृत्तपत्रात ही प्रणाली घडली. टेम्प्लेटने मांडणी पाहावी, बाकीचा विचार बाहेर व्हावा, ही तिच्या कर्त्यांची भूमिका. दोन मूल्ये सारखी आहेत का, हे विचारायलाही ‘इफइक्वल’ हा वेगळा टॅग लागे. २०१० मध्ये ‘इफ’ला तुलनेची चिन्हे मिळाली आणि २०२१ मध्ये ‘इफइक्वल’ काढून टाकला गेला. भूमिका शहाणपणाची होती. तरी एकात एक अडकवलेले ते टॅग ज्याने वाचले असतील, त्याला हा बदल योग्यच वाटेल.

‘एक्सआयएफ’ची जुनी खोट मात्र आजही भेटते. सीएसएसमधल्या ‘डिस्प्ले: नन’ने मजकूर दिसेनासा होतो, पण तो ब्राउझरकडे पोचलेलाच असतो. मोबाइलवर मेनू मिटवायला ते पुरेसे आहे. सभासदांपुरता मजकूर तसा लपवणे म्हणजे तो उघडा टाकणे होय, कारण पानाचा सोर्स कुणीही पाहू शकतो. सर्व्हरवरची अट खोटी ठरली तर तो मजकूर पाठवलाच जात नाही.

थीम लिहिणाऱ्यांनी आणखी एक जपावे. वर्डप्रेसचे ‘इज_अ‍ॅडमिन’ पाहणारी व्यक्ती अ‍ॅडमिन आहे का हे तपासत नाही. पान व्यवस्थापन विभागातले आहे का, एवढेच तपासते. अधिकार तपासायचा असेल तर ‘करंट_यूजर_कॅन’ वापरा.