सेंटर स्पीकर

सेंटर स्पीकर किंवा मध्य ध्वनिवर्धक हा बहुमार्गी ध्वनिव्यवस्थेत डाव्या व उजव्या स्पीकरच्या मध्ये, पडद्याच्या लगत ठेवला जाणारा स्पीकर होय. ५.१ व्यवस्थेत चित्रपटातील बहुतेक संवाद याच स्पीकरमधून येतात. संगीत व चित्रपट या दोहोंसाठी एकच व्यवस्था वापरायची असल्यास त्याची निवड विशेष विचाराने करावी लागते, कारण बहुतांश संगीत द्विमार्गी असते व त्यासाठी सेंटर स्पीकरची गरज नसते.

इतिहास

१९३३ मध्ये बेल प्रयोगशाळांनी फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंदाचे वादन तीन ध्वनिमार्गांनी वॉशिंग्टनमधील सभागृहात ऐकवले. १९४० च्या 'फँटाझिया' या चित्रपटासाठीही पडद्यामागे डावा, मध्य व उजवा असे तीन मार्ग वापरले गेले. बाजूच्या खुर्चीवरील प्रेक्षकालाही संवाद पडद्यावरील पात्राकडूनच आल्यासारखा वाटावा, हा मध्य मार्गाचा हेतू होता. घरगुती स्टिरिओ मात्र दोनच मार्गांवर स्थिरावला.

आभासी मध्य

दोन्ही स्पीकरना समान संकेत दिल्यास आवाज मधोमध असल्याचा भास होतो. मात्र श्रोता एका बाजूला सरकला की हा भास जवळच्या स्पीकरकडे झुकतो. शिवाय प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकरचा आवाज किंचित कालांतराने मिळत असल्याने सुमारे २ किलोहर्ट्झजवळ ध्वनी क्षीण होतो. एकटा श्रोता मधोमध बसणार असेल, तर आभासी मध्य पुरेसा असतो. कुटुंब एकत्र बसणार असेल, तर सेंटर स्पीकर उपयुक्त ठरतो.

निवडीचे निकष

* नादसाम्य : तिन्ही स्पीकर एकसारखे असणे आदर्श होय. ते शक्य नसल्यास त्याच मालिकेतील सेंटर घ्यावा. अन्यथा डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आवाजाचा पोत मध्येच बदलतो.
* रचना : आडव्या पेटीत ट्वीटरच्या दोन्ही बाजूंना वूफर असल्यास बाजूला बसणाऱ्यास काही कंप्रतांवर आवाज क्षीण ऐकू येतो. मध्यस्वराचा स्पीकर ट्वीटरच्या खाली असलेली त्रिस्तरीय रचना हा दोष बराच कमी करते.
* संवेदनशीलता : ती ३ डेसिबेलने कमी असल्यास तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती लागते.
* पेटी : स्पीकर कपाटात ठेवायचा असल्यास हवेचे छिद्र मागे नसलेली पेटी सोयीची.

खर्च मर्यादित असल्यास प्रथम डाव्या-उजव्या जोडीवर खर्च करणे संगीताच्या दृष्टीने हितावह ठरते. विजोड सेंटरपेक्षा चांगला आभासी मध्य बरा.

मांडणी

ट्वीटर शक्यतो कानाच्या पातळीत असावा. खाली ठेवल्यास पेटी श्रोत्याकडे कलती करावी. डावा व उजवा स्पीकर मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर असावा. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे प्रत्येक स्पीकरचे अंतर रिसीव्हरमध्ये अचूक नोंदवावे. खर्जाचा भाग साधारणतः ८० हर्ट्झखाली सबवूफरकडे वळवतात. द्विमार्गी गाणी ऐकताना रिसीव्हर स्टिरिओ स्थितीत ठेवून सेंटर बंद ठेवता येतो.

खानदेशातील घरे

जळगाव व धुळे जिल्ह्यांत आढळणाऱ्या धाब्याच्या जुन्या घरांत मातीच्या जाड भिंती असतात. नव्या काँक्रीटच्या घरांतील फरशी व गुळगुळीत भिंतींवरून ध्वनी अधिक परावर्तित होतो व संवाद अस्पष्ट होतात. सतरंजी, पडदे व भरलेली पुस्तकांची मांडणी यांनी हा परिणाम घटतो.

उन्हाळ्यात, विशेषतः जळगावात, तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व कूलर तासन्‌तास चालतो. त्याच्या घरघरीत 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने झाकली जातात. अशा वेळी पार्श्वसंगीत न वाढवता केवळ मध्य मार्गाची पातळी दोन-तीन डेसिबेलने वाढवता येणे, हा सेंटर स्पीकरचा मोठा व्यावहारिक लाभ आहे. कूलरचा दमट झोत मात्र स्पीकरवर थेट येऊ देऊ नये.

अहिराणी गीतांच्या ध्वनिचित्रफिती बहुधा द्विमार्गी असतात. त्यांसाठी डावी-उजवी जोडीच महत्त्वाची ठरते.