कोलारला सापडले, थेनीत अडले

तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले साधारण ६,५०० कोटी न्यूट्रिनो आरपार जातात, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ते पकडायचे तर जमिनीत खोल जावं लागतं, म्हणजे आकाशातून येणाऱ्या बाकीच्या कणांची गर्दी वरचा खडक अडवतो.

१९६५ साली कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, नेमकं हेच झालं. आपल्या मुंबईची टीआयएफआर, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम यांच्या गटाने वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत राइन्स यांच्या गटाला ते थोडे आधी दिसले होते, पण पेपर आपला आधी छापून आला. दोन आठवड्यांनी!

पुढे सोनं काढणं परवडेना, आणि १९९० च्या दशकात ती प्रयोगशाळाही बंद झाली.

मग ठरलं आयएनओ. त्यात ५०,००० टन चुंबकीय लोखंडाचा डिटेक्टर, आयकॅल. प्रश्न एकच: न्यूट्रिनोच्या तीन वस्तुमानांपैकी तिसरं सगळ्यात जड की सगळ्यात हलकं? पृथ्वीच्या पोटातून येताना न्यूट्रिनो आणि अँटिन्यूट्रिनो यांच्यावर वेगवेगळा परिणाम होतो. दोघांपासून निघणारे म्युऑन चुंबकामुळे विरुद्ध दिशांना वळतात, म्हणून कोण कुठला ते कळतं. भारी आयडिया आहे राव.

पहिली जागा निलगिरीतली. शेजारी मुदुमलाईचे वाघ-हत्ती, म्हणून २००९ मध्ये नकार. मग तमिळनाडूतलंच थेनी. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने सुमारे १,५०० कोटींना मंजुरी दिली. पुढे आंदोलनं, हरित लवाद, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने सुप्रीम कोर्टात परवानगी देणार नाही असं सांगितलं. न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग होईल ही भीती खोटीच. पण डोंगरातले सुरुंग, पाणी, वाघांचा मार्ग हे प्रश्न खरे होते, आणि माझ्या मते गावकऱ्यांना अडाणी समजणं ही आपल्या शिकलेल्या लोकांची चूक.

त्याच जानेवारी २०१५ मध्ये चीनमध्ये 'जुनो'चं भूमिपूजन झालं. ७०० मीटर खोल, २०,००० टन द्रव, आणि प्रश्न तोच. ऑगस्ट २०२५ पासून त्याचा डेटा येतोय. जपान हायपर-कामिओकांदेसाठी २.६ लाख टन पाण्याची टाकी बांधतंय. अमेरिकेचा 'ड्यून' १,३०० किलोमीटरवरून न्यूट्रिनो सोडणार, तेही एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत!

आपल्याकडे मदुराईला ८५ टनांचं मिनी-आयकॅल आहे. जमिनीवरच.