सरकीने हटवलेली चरबी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ॲपल पायच्या पारीत मोहन पडायचं ते बहुधा लार्डचं, म्हणजे डुकराच्या कढवलेल्या चरबीचं. पुढे लार्डची जागा घेणारं पांढरंशुभ्र शॉर्टनिंग मात्र स्वयंपाकघरात जन्मलंच नाही. ते आलं साबणाच्या कारखान्यातून.

मेणबत्त्या करणारे विल्यम प्रॉक्टर आणि साबण करणारे जेम्स गँबल यांनी १८३७ मध्ये सिनसिनाटीत भागीदारी केली. डुकरांच्या कत्तलखान्यांमुळे ‘पोर्कोपोलिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात दोघांनाही लागणारी चरबी मुबलक होती. पुढे कंपनी सरकीच्या तेलाकडे वळली. पण तेल पातळ, आणि साबणाला हवा घट्टपणा. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये त्यावर तोड काढली होती: निकेलच्या सान्निध्यात तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडवला की ते थिजतं. एडविन कायसर १९०७ मध्ये हे तंत्र घेऊन सिनसिनाटीला आले. तयार झालेला गोळा दिसायला हुबेहूब लार्डसारखा होता.

१९११ मध्ये तो ‘क्रिस्को’ नावाने बाजारात आला. वेळही साधली गेली. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या १९०६ च्या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांविषयी लोकांच्या मनात किळस भरवली होती. कंपनीने ६१५ पाककृतींचं पुस्तक काढलं. प्रत्येक कृतीत क्रिस्को. डुक्कर वर्ज्य असलेल्या ज्यू घरांतही त्याला वाट मिळाली. आपल्याकडे १९३७ मध्ये आलेला डालडा याच तंत्राचा. इथे त्याने जागा मागितली तुपाची.

पारीच्या बाबतीत मात्र लार्डची सर शॉर्टनिंगला आली नाही. लार्डचे स्फटिक मोठे असतात. गार लार्ड पिठात चोळलं की त्याचे चपटे तुकडे पिठाच्या थरांमध्ये राहतात, भट्टीत वितळतात आणि चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. शॉर्टनिंगचे बारीक स्फटिक हवा धरून ठेवतात, म्हणून ते केकला मानवतं. इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रेच्या पोर्क पायसाठी तर लार्ड पाण्यात उकळून पिठात ओततात. भक्कम कवच तयार होतं.

१९९० मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिलं, की अर्धवट हायड्रोजनीकरणातून होणारी ट्रान्स मेदाम्लं घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा तेलांची सुरक्षिततेची मान्यता काढून घेतली. लार्ड पुन्हा चर्चेत आलं. ते निर्दोष नव्हेच. त्यात सुमारे ४० टक्के संपृक्त मेद असतो.

दुकानातल्या लार्डमध्येही टिकाऊपणासाठी अनेकदा हायड्रोजनीकृत लार्ड मिसळलेलं असतं. म्हणून चोखंदळ बेकर खाटकाकडून मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि थोडं पाणी घालून अगदी मंद आचेवर कढवतात. आच वाढली तर रंग पिवळसर होतो, मांसाचा वास उतरतो आणि ते लार्ड गोड पायच्या कामाचं राहत नाही.