हवाई क्षेत्राची राखण : भारतातील ड्रोन-परवानगीचा इतिहास

भारतात ड्रोन उडवण्यासाठी जी परवानगी घ्यावी लागते, तिची मुळे ड्रोनच्या जन्माआधीच्या काळात आहेत. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने ‘इंडियन एअरशिप्स अ‍ॅक्ट’ संमत केला. देशात विमाने जवळजवळ नव्हतीच, तरी ती बनवणे, बाळगणे, विकणे आणि उडवणे यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा तयार होता. पुढे १९१९ च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर सार्वभौमत्व असल्याचे मान्य केले, आणि १९४४ च्या शिकागो कराराच्या आठव्या कलमात वैमानिकाविना उडणारे विमान परराष्ट्राच्या खास परवानगीशिवाय त्याच्या प्रदेशावरून नेता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले.

या दोन करारांच्या दरम्यान आलेल्या १९३४ च्या विमान कायद्याची व्याप्ती मोठी विलक्षण होती. त्याच्या व्याख्येत फुगे, हवाई जहाजे आणि ग्लायडर यांच्या जोडीने पतंगही ‘विमान’ ठरत होता, म्हणजे संक्रांतीला गच्चीवरून उडणारा कागदी पतंगही अक्षरार्थाने या कायद्याच्या कक्षेत येत होता, हे आज गमतीचे वाटले तरी ड्रोनच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण ड्रोन आले तेव्हा त्यांना ‘विमान’ ठरवण्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने विमानातून छायाचित्रे घेण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक केली होती, आणि लग्नसमारंभांत कॅमेऱ्याचे ड्रोन फिरू लागले तेव्हा हा जुना निर्बंध त्यांनाही लागू होण्याजोगा होता.

पुढे येणाऱ्या नियमांतील ‘नियंत्रित हवाई क्षेत्र’ म्हणजे ज्या भागातील उड्डाणे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या संमतीने आणि सूचनांनुसारच होतात असे क्षेत्र. ते सामान्यतः विमानतळाभोवती जमिनीपासून सुरू होते आणि तेथून दूर जाताना वरच्या थरांत पसरते. प्रवासी विमान उतरताना याच क्षेत्रात सर्वांत खाली असते, म्हणून लहान ड्रोनचा धोकाही तेथेच अधिक.

मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झा विक्रेत्याने ड्रोनने पिझ्झा पोहोचवून दाखवला आणि पोलिसांनी त्याची विचारपूस केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून नियम तयार होईपर्यंत नागरी ड्रोनवापर बंद केला. महासंचालनालयाखेरीज हवाई वाहतूक सेवा, संरक्षण खाते, गृह मंत्रालय आणि सुरक्षा यंत्रणा यांचीही संमती लागेल, असे त्यात होते. अनेक दारे ठोठावायची आणि उत्तराची मुदत कोठेही लिहिलेली नाही, ही बंदीच होती, फक्त तिला परवानगीचे नाव होते.

२७ ऑगस्ट २०१८ रोजी प्रसिद्ध होऊन १ डिसेंबरपासून लागू झालेल्या नियमावलीने ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ हे तत्त्व यंत्रातच बसवण्याचा प्रयत्न केला : ‘डिजिटल स्काय’ या संगणकीय मंचावरून संमती आल्याशिवाय ड्रोनचे सॉफ्टवेअर त्याला जमिनीवरून उठूच देणार नाही, अशी ती कल्पना. नियंत्रित क्षेत्रात उड्डाणाचा आराखडा आधी सादर करून हवाई संरक्षणाची मंजुरी आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक मिळवणेही आवश्यक होते. शोध चतुर होता, पण कारभार चालवणाऱ्या यंत्रणेची तयारी त्याच्या मागे पडली.

मार्च २०२१ मध्ये आलेले ड्रोनविषयक नियम अवघ्या काही महिन्यांत मागे घेऊन २५ ऑगस्टला नवे ड्रोन नियम आले, अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर उतरले, आणि सप्टेंबरमध्ये हिरव्या, पिवळ्या व लाल पट्ट्यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या दृष्टीने हा खरा पालट होता, कारण प्रश्न ‘कोण उडवतो’ यावरून ‘कोठे उडवतो’ याकडे वळला. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाची परवानगी लागत नाही; विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टप्प्यात ही मोकळीक २०० फुटांपुरतीच आहे, ५ ते ८ किलोमीटरमध्ये पिवळा पट्टा जमिनीपासूनच सुरू होतो आणि तेथे नियंत्रण कक्षाची संमती लागते, तर लाल पट्ट्यात केंद्र सरकारची. पूर्वी ४५ किलोमीटरपर्यंत पसरलेला पिवळा पट्टा १२ किलोमीटरवर आला.

मात्र नियंत्रण कक्ष सर्वत्र नागरी नसतो : पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तर गोव्यातील दाबोळी नौदलाचा तळ असल्यामुळे तेथील संमतीचा मार्ग लष्करी यंत्रणेतून जातो. शिवाय नियमांनी स्थानिक पोलिसांना ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा जाहीर करण्याचा अधिकार दिला असला, तरी मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आणि जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, एकेका महिन्यासाठी निघत आले आहेत. अशा महिन्यात नकाशावर हिरवा दिसणारा भागही उड्डाणाला बंद असतो.