भावशून्यता (बालमानसशास्त्र)

भावशून्यता म्हणजे अपराधभाव व सहानुभूती यांचा अभाव, अभ्यासातील वा कामातील यशापयशाविषयी बेफिकिरी आणि उथळ भावाविष्कार या गुणलक्षणांचा बालकांत व किशोरांत आढळणारा समुच्चय होय. डीएसएम-५ (२०१३) या अमेरिकन वर्गीकरणानुसार, वर्तनविकार असलेल्या मुलात यांपैकी किमान दोन लक्षणे सलग १२ महिने आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसल्यास त्यांची स्वतंत्र नोंद होते.

कारणे

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानला जातो. मात्र मारहाण, उपेक्षा अशा आघातांनंतरही ही लक्षणे दिसू शकतात. या दुय्यम प्रकारात वरवरच्या थंडपणाखाली तीव्र चिंता असते. प्राथमिक प्रकारात चिंता अल्प असते.

जालना जिल्ह्यातील संदर्भ

जालना जिल्ह्यातून अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. मुले आईवडिलांसोबत फडावर जातात किंवा आजी-आजोबांकडे वा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा दुराव्यात एखादे मूल गप्प झाले वा रडेनासे झाले, तर ती भावशून्यताच असे नाही. ते दुःख गिळणेही असू शकते. म्हणून शाळेतील वर्तनावरून शिक्का न मारता तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते.

उपाय

केवळ शिक्षेचा या मुलांवर फारसा परिणाम होत नाही. पालकांचा जिव्हाळा आणि चांगल्या वर्तनाचे कौतुक यांमुळे लक्षणे सौम्य होऊ शकतात.