हॅलो, ऐकू येतंय ना?

मंडळी, परदेशात राहणाऱ्या आपणा सर्वांचं भारतात फोन लावल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हॅलो, ऐकू येतंय ना?" गेल्या हिवाळ्यात नाना, म्हणजे माझे वडील, दुबईला आले आणि हा प्रश्न घरातच विचारायची वेळ आली. जेवताना सगळे हसले की नाना थोड्या वेळाने, अंदाजाने हसत. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणत, "मला छान ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता!" शेवटी मी मोबाइलवरची चाचणी शोधली आणि तिच्या इतिहासातच रमलो.

1711 मध्ये जॉन शोअर या इंग्रज वादकाने वाद्यं जुळवण्यासाठी नादकाटा बनवला. 1855 साली रिने या जर्मन डॉक्टरने तो कानामागच्या हाडावर टेकवून आणि मग कानासमोर धरून तपासणीची पद्धत सांगितली. ती आजही वापरात आहे. पण ऐकणं किती कमी झालं, हे त्यातून आकड्यात कळत नसे. 1876 मध्ये ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि तीनच वर्षांत लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी टेलिफोनचाच रिसीव्हर वापरून ऑडिओमीटर तयार केला. 'डेसिबल'मधला 'बेल' म्हणजे हेच ग्रॅहॅम बेल. त्यांच्या आईला ऐकू कमी येई आणि पत्नीला तर येतच नसे.

ऑडिओमीटर मात्र घरी आणता येईना. त्याला नेमक्या मापाचा आवाज आणि शांत खोली लागते. आपल्याकडे तर एसीची घरघर अखंड चालू, आणि प्रत्येक हेडफोनचा आवाज वेगळा! नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मग प्रश्नच बदलला. 'किती हळू ऐकू येतं?' याऐवजी 'गोंगाटातून बोलणं वेगळं काढता येतं का?' 2003 मध्ये तिथे साध्या फोनवर ही चाचणी सुरू झाली. खरखरीमागून तीन आकडे ऐकू येतात, ते दाबायचे. बरोबर आले की पुढचे अवघड, चुकले की सोपे. मोजायचा तो आवाज आणि खरखर यांतला फरक, त्यामुळे फोन कुठलाही चालतो. याच पद्धतीवर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मोफत अ‍ॅप काढलं.

नाना बँकेत रोखपाल होते, इंग्रजी आकड्यांत आयुष्य गेलेलं. हिशोबात कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. त्या दिवशी मात्र आकडे चुकत गेले. निकाल बघून गप्प बसले. मग स्वतःच म्हणाले, "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

ही फक्त प्राथमिक चाचणी आहे, निदान नव्हे. मळ साचल्याने किंवा मधल्या कानाच्या दोषाने आलेला बहिरेपणा तिच्यातून निसटू शकतो. आणि अचानक ऐकू येईनासं झालं, तर चाचणीत वेळ न घालवता थेट डॉक्टर गाठावा.

आता नानांच्या कानाला यंत्र आहे. परवा पुण्याला फोन लावला, सवयीने मोठ्याने "हॅलो, ऐकू येतंय ना?" म्हणालो. पलीकडून उत्तर आलं, "अरे, ओरडतोस कशाला?"